बाजार सोडा

२ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की वस्तू फेकू नका, लिहा. त्याने रक्तदाब उतरतो म्हणे. म्हणून ही वही आणली. जाड पुठ्ठ्याची आहे. लिहून राग नाही गेला तर फेकायलाही बरी.

आजचा राग बेकरीवाल्यांच्या सभेतला. बावीस तारखेला मतदान आहे. पावाचा कायदा ठेवायचा की काढायचा, एवढाच प्रश्न. कायदा म्हणतो, पाव चारशे ग्रॅमचाच असेल, भाव सरकार ठरवील तोच, पिठावर कर लागेल आणि पीठ मळायच्या मशीनवर लोखंडी जाळी असेल. आम्ही काढा म्हणणारे. ठेवा म्हणणारे आम्हाला ‘मोकाट’ म्हणतात, आम्ही त्यांना ‘जखडे’ म्हणतो. सभेतला सभ्यपणा एवढाच, पुढे तोही संपला. बिस्किटवाल्याने भाषणात माझ्याकडे बोट दाखवून ‘नफ्याला चटावलेला’ असा शब्द वापरला. मग खुर्ची माझ्या हातून सुटली आणि त्याच्या कपाळाला लागली. चार टाके पडले. खुर्ची सरकारी सभागृहातली होती, पाय आधीपासूनच ढिला. याला जबाबदार कोण, हे मी सांगायला नको.

दाजी समोरच्या बाकांवर, जखड्यांत बसले होते. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वडिलांनी जाताना अर्धी बेकरी मला दिली, अर्धी ताईला. तेव्हापासून दुकान मी बघतो आणि भट्टी दाजी. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना अहो-जाहो करतो, ते मला अरे-तुरे. मळलेलं पीठ तयार झालं की नाही, हे ते उजव्या हाताची दोन बोटं दाबून सांगतात, आणि चुकत नाहीत. लोक पाव घेतात तो त्या दोन बोटांचा. हे मी मान्य करतो, पण फक्त वहीत.

परत येताना म्हणाले, “मेव्हण्या, त्याचं सगळं तोंड रक्ताने भरलं होतं रे.”

“मग त्यावरही कर बसवा.”

हसले नाहीत. जखड्यांना विनोद कळत नाही.

५ मार्च, गुरुवार

सकाळी दुकानाची काच फुटली. वीट आली, विटेला कागद गुंडाळलेला, कागदावर सरकारी भावाचा तक्ता. पैलवान समोरच उभा होता. पैलवान म्हणजे आमचा पीठ मळणारा. अंगाने काठी, म्हणून हे नाव. त्याच्या कानाची पाळी काचेने अर्धी कापली. कान धरून तो पहिलं काय म्हणाला, तर “मालक, पावात काच गेली असेल, सगळे बाजूला काढा.” दाजींनी त्याचा कान दाबून धरला, दुसऱ्या हाताने वीट उचलून तराजूवर ठेवली आणि म्हणाले, “दोन किलो सहाशे. लिहून पाठवायला पाहिजे, वजन ठरलेलं नाही.”

यावर मात्र मी हसलो. तेवढ्यापुरते आम्ही पुन्हा एका घरचे झालो.

दुपारी आमच्या पक्षाची दहा-बारा माणसं सरकारी पावाच्या दुकानावर गेली. मी मागे होतो. आतला विक्रेता शटर ओढून घेत होता, आम्ही त्याला मदत केली. शटर जरा जोरात खाली आलं. त्याची बोटं खाली होती. शटर पुन्हा वर करायला वेळ लागला, कारण कुलूप सरकारी.

विक्रेत्याचा आवाज अजून कानात आहे. मी चहात साखर जास्त घातली, तरी जात नाही. लिहिल्यावर जातो म्हणतात. पाहू.

९ मार्च, सोमवार

आज जेवताना चर्चा झाली. चर्चाच म्हणतो.

दाजी म्हणाले, “वजन ठरलेलं आहे म्हणून डोळ्यांनी अधू असलेली बाईसुद्धा आपल्याकडून पाव नेते. तिला तराजू बघावा लागत नाही.”

मी म्हणालो, “आपण हलका पाव दिला तर ती शेजारच्याकडे जाईल. तिचे पाय हाच तिचा कायदा.”

“आणि शेजारचाही हलका देत असला तर?”

“तर तिसरा बेकरी काढेल.”

“तोवर ती खाणार काय? तुझं भाषण?”

ताई हसली. तिने हसायला नको होतं. माझा हात दाजींच्या गालाला लागला. चष्मा डाळीत पडला. त्यांनी उठून माझं मनगट धरलं, घट्ट, भट्टीवाल्याची पकड ती. म्हणजे दोन्हीकडून झालं, फिट्टंफाट झाली. पण ताईला फिट्टंफाट दिसत नाही, तिला फक्त गाल दिसतो. तिने डाळीतून चष्मा काढला, पदराने पुसला, नवऱ्याच्या नाकावर बसवला आणि मग माझ्याकडे वळली.

“एक ऐकून ठेव. अर्धी बेकरी माझी आहे. पुन्हा यांच्या अंगाला हात लावलास तर मी कुलूप घालीन. बाबांची बेकरी बंद पडली तरी चालेल मला. आणि तुझं तोंड बघणार नाही.”

“त्यांनी माझं मनगट धरलं ते?”

“दुसरी मारशील म्हणून धरलं. एवढंही कळत नाही तुला?”

ताईला लहानपणापासून माझी बाजू दिसत नाही. पण बेकरी गेली तर मला दुसरं काही येत नाही, आणि ताईशिवाय माझं कुणी नाही. म्हणून ‘बरं’ म्हणालो.

१३ मार्च, शुक्रवार

चार दिवस हात खिशात. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब चांगला आहे. त्यांना वाटतं वहीमुळे. खरं कारण जाळी आहे.

मळायच्या मशीनचं भांडं पिंपाएवढं, त्यात बोटभर जाडीचा पोलादी आकडा फिरतो. वर कायद्याची जाळी. जाळी उचलली की मशीन थांबतं, म्हणजे मूठभर पीठ टाकायचं तरी थांबा, उचला, टाका, बसवा, पुन्हा सुरू करा. मी जाळी काढली, तिच्या खटक्यात काडी अडकवली आणि जाळी पोत्यांच्या मागे ठेवली. दाजींनी काडी काढली, जाळी बसवली. दुपारी मी पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसवलेली. मतदानापर्यंत एकाच मशीनवर दोन सरकारं नांदताहेत, सकाळी त्यांचं, दुपारी माझं.

पैलवान बिचारा दोघांत अडकलाय. आज म्हणाला, “मालक, एक काय ते ठरवा. मला सकाळी भीती वाटत नाही, दुपारी वाटते. रोज रोज सवय बदलत नाही.”

आमच्या मिरवणुकीला नवी घोषणा मिळाली. पुढचा एक ओरडतो, “सोडा, सोडा!” आणि सगळे म्हणतात, “बाजार सोडा!” जखड्यांची आहे, “धरा, धरा, नफेखोर धरा!” दोन्ही मिरवणुका चौकात समोरासमोर आल्या तेव्हा ‘सोडा’ आणि ‘धरा’ असं इतकं मिसळलं की कुणी कुणाला सोडायचं आणि धरायचं ते कळेना. मग सगळ्यांनी सगळ्यांना धरलं. एकाचा दात माझ्या बोटात रुतला. म्हणजे बोट त्याच्या तोंडात होतं. घोषणा मात्र जिभेवर बसली आहे. सकाळी आमच्या गल्लीतून सायकलवाला “सोडा, सोडा” करत गेला आणि मी ब्रश तोंडात असतानाच “बाजार सोडा” म्हणालो. तो बाटल्या विकत होता.

१७ मार्च, मंगळवार

कारखाना तपासनीस आले होते. बारीक, घामट, हातात बॅग. सकाळी आले म्हणून जाळी जागेवर होती. त्यांनी खटका तपासला, सही केली, दाजींच्या हातचा पाव खाल्ला, “वा” म्हणाले आणि निघाले.

गल्लीच्या तोंडाशी आमची माणसं उभी होती. तपासनीस येणार हे त्यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न वेगळा. त्यांनी तपासनिसांना भिंतीला लावलं. एक जण पोटात मारत होता आणि प्रत्येक ठोशाला कायद्याचं एकेक कलम म्हणत होता. सात कलमं आहेत. सातव्याला तपासनीस बसले. मग लाथा, त्यांना कलमं नव्हती. बरगडी मोडल्याचा आवाज सुका असतो, शिळा पाव मोडल्यासारखा.

मी काहीही केलं नाही. मी फक्त त्यांची बॅग धरली होती. कागद खराब होऊ नयेत म्हणून.

वळून पाहिलं तर बेकरीच्या मागच्या दारात दाजी. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते धावत आले, तपासनिसांना उचललं, रिक्षात घातलं. मी बॅग पुढे केली. त्यांनी माझ्याकडे न बघता घेतली.

संध्याकाळपासून ते माझ्याशी वाद घालत नाहीत. मी मुद्दाम पीठकराचा विषय काढला, “असेल” म्हणाले. भावाचा काढला, “असेल.” माझे मुद्दे त्यांना पटू लागलेत असं दिसतं.

२२ मार्च, रविवार

क्रमाने लिहितो.

सकाळी मत दिलं. बेकरी अर्धा दिवस. पैलवान मत द्यायला पुलाच्या पलीकडे गेला. ताई घरी. दुपारचं शेवटचं पीठ मीच मळायला लावलं. जाळी नव्हती, दुपार होती.

दाजी आत आले. पोत्यांमागून जाळी काढली आणि मशीनकडे निघाले. मी म्हणालो, “आजचा दिवस राहू द्या की.” म्हणाले, “आजच कशाला विषाची परीक्षा?” मी म्हणालो, “म्हणजे उद्या कायदा गेला की काढाल?” काही बोलले नाहीत, जाळी बसवू लागले. त्या न बोलण्याने डोक्यात तिडीक गेली. भांडले असते तर काही झालं नसतं.

मी जाळी ओढून फेकली. मला त्यांना दाखवायचं होतं, एवढंच. आकडा किती हळू फिरतो, शहाण्या माणसाला जाळी लागत नाही, हात कधी काढायचा ते ज्याचं त्याला कळतं. मी त्यांचं मनगट धरलं आणि भांड्यावर नेलं. हे मारणं नव्हे. ताई मारू नको म्हणाली होती, मी मारलं नाही. त्यांनी हात ओढला, मी दुसऱ्या हाताने त्यांची मान वाकवली, म्हणजे नीट दिसावं.

बाहेरून मिरवणूक आली असावी. “सोडा, सोडा!” असा आवाज आला, मशीनच्या आवाजातही स्पष्ट. माझ्या तोंडून सवयीने निघालं, “बाजार सोडा!” पुन्हा आला, “सोडा!” आणि मी पुन्हा म्हणालो.

मग बाही आकड्यात गेली.

हात गेला तो वळत गेला, पीठ वळतं तसा. कोपरापर्यंत. मी बटण शोधत होतो, बटण भांड्याच्या पलीकडे आहे. मशीन थांबलं तेव्हा पीठ गुलाबी झालं होतं आणि दाजी आकड्याला लटकले होते. ओरडत नव्हते. आकडा उलटा फिरवून हात मोकळा केला तेव्हा ओरडले.

दवाखान्यात हात कोपरापासून काढावा लागला. उजवा.

२३ मार्च, सोमवार

आम्ही जिंकलो. कायदा गेला.

ताईने कुलूप घातलेलं नाही अजून. तिला एवढंच माहीत आहे की बाही अडकली. दोन्ही पक्षांकडून बातम्या येताहेत. जखडे म्हणतात, कायदा पाळला असता तर हात राहिला असता. आमचे म्हणतात, कायदा होता, तरी गेला, मग उपयोग काय त्याचा? दोन्ही पक्षांनी दवाखान्यात फुलं पाठवली. आमच्या पक्षाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, दाजी सभेत दोन शब्द बोलतील का. जखड्यांनीही तेच विचारलं म्हणे. एका हातावर दोन पक्षांनी दावा सांगितलाय.

आमचे लोक मला हार घालायला आले होते. मी गळ्यात घेतला नाही, हातात घेतला.

२५ मार्च, बुधवार

पैलवान पाठीला पट्टा बांधून आला. मी विचारलं, तुला काय झालं?

“रविवारी मार खाल्ला, मालक. मिरवणूक पुलावरच अडवली ना पोलिसांनी. लाठ्या पडल्या. मी नुसता मत देऊन येत होतो, तर मलाही दोन.”

“पुलावर? मग इकडे कधी आली?”

“इकडे आलीच नाही. पुलावरूनच परत फिरवली सगळ्यांना.”

“आपल्या गल्लीत घोषणा चालल्या होत्या. मी ऐकल्या.”

“नाही हो मालक. पुढची आपली माणसं तर दवाखान्यात. घोषणा देणार कोण?”

शेजारचा रेडिओ असेल. किंवा तो बाटल्यावाला.

खोलीत आम्ही दोघंच होतो. पण दाजींनी मला ‘सोड’ म्हटलं असतं. ‘सोड रे’ म्हटलं असतं. चोवीस वर्षांत त्यांनी मला एकदाही तुम्ही म्हटलेलं नाही. मी काल आलेलं गिऱ्हाईक नाही, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. ‘सोडा’ म्हणायला त्यांना मी कोण वाटलो असेन? व्याकरण माझ्या बाजूने आहे.

बाटल्यावाल्याला शोधलं. तो रविवारी येत नाही.

३० मार्च, सोमवार

दवाखान्यात गेलो. तपासनीस आधीच बसलेले, बरगड्यांना पट्टा, बॅग मांडीवर. कायदा गेला असला तरी अपघात आधीचा, म्हणून चौकशी आहे. जाळी काढलेली कुणी, हे सिद्ध झालं तर त्याला तुरुंग. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. ओळखलं असावं.

ताई पलंगाच्या पायाशी. दाजी उशीला टेकून. उजवी बाही मोकळी, सेफ्टी पिनने दुमडलेली.

तपासनिसांनी दाजींना विचारलं, “जाळी कुणी काढली होती?”

मी खिडकीकडे बघत होतो. मी सांगणार होतो. खरंच, शब्द जुळवत होतो.

“मीच काढली,” दाजी म्हणाले. “मी काढली. यांचा काही संबंध नाही.”

तपासनिसांचं पेन थांबलं. “सतरा तारखेला तुम्हीच मला तो खटका दाखवलात. दोनदा.”

“हो. मग काढली.” दाजी घाईघाईने बोलत होते, पाठ केल्यासारखं. “हे तिथे नव्हतेच. लिहा ना तुम्ही.”

तपासनिसांनी लिहिलं. सही डाव्या हाताने झाली, ती सहीसारखी नव्हती. ते बॅग उचलून गेले.

मला भरून आलं. दाजींनी आयुष्यात कुठल्या सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं नाही, पिठाचं पोतं शंभर ग्रॅम कमी भरलं तरी तसं लिहून कळवणारा हा माणूस. माझ्यासाठी एवढं केलं. म्हणजे मनात काही राहिलं नाही. मी ताईकडे पाहिलं, तर तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती नवऱ्याकडे बघत होती, कुणी तरी अनोळखी माणूस पलंगावर आणून ठेवल्यासारखी.

“‘हे’ कोण?” तिने त्यांना विचारलं. “याला ‘हे’ कधीपासून म्हणायला लागलात?”

दाजी डाव्या हाताने चादर सारखी करू लागले.

मी पुढे झालो. म्हणालो, “दाजी, कसं वाटतंय?”

“बरं आहे. तुम्ही बसा ना.”

“मी तुमचा मेव्हणा आहे हो. बसा काय?”

“हो, हो. तुम्ही म्हणाल तसं.”

ताई उठली. पर्समधून बेकरीची किल्ली काढून तिने पलंगावर, माझ्या बाजूला ठेवली. “घे. माझी अर्धीही घे. बाजार मोकळा आहे आता.” मग म्हणाली, “जा आता.”

निघावं असं वाटत होतं, पण काही तरी करूनच निघावं असंही वाटत होतं. दाजींचे ओठ कोरडे पडले होते. टेबलावरचा पेला मी पाण्याने भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला.

त्यांनी डोळे मिटले, मान आत ओढली आणि डावा हात तोंडावर आडवा धरला. हाताआडून म्हणाले, “सोडा.”

मी पेला खाली ठेवला. खिशात हात घातले. दोन पावलं मागे सरकलो, मग दारापर्यंत. त्यांनी हात खाली घेतला नाही.